प्रत्येक घराखाली एकच नाव

आमच्या धाकट्या जावेला घरात सगळे कप्पेवाली म्हणतात. हे नाव मीच ठेवलंय, आणि लाडाने नाही, रागाने ठेवलंय. लग्न होऊन आली त्याला जेमतेम पंधरवडा झाला असेल. सकाळी चहा टाकायला उभी राहिले, तर साखर जागेवर नाही. चहापत्ती नाही, मीठ नाही. ज्या फळीवर माझा हात डोळे मिटून बरोबर पडायचा, तिथे मी भर उजेडात चाचपडत होते.

"ताई, डबे मी वापरणाऱ्याप्रमाणे लावलेत," ही मागून म्हणाली. "ही तुमची फळी, ही आईंची, ही सगळ्यांची."

"डबे फळीचे असतात गं बाई, माणसांचे नसतात," मी म्हटलं आणि एकेक डबा दणादण परत लावला. महिन्याभराने बघते तर पुन्हा उलथापालथ. या वेळी सकाळी लागणारे डबे एकीकडे आणि संध्याकाळी लागणारे दुसरीकडे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझ्या हाताला काय खाज सुटते का गं, कप्पेवाली?" असं मी ओरडले आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. तिला त्याचा राग नाही. तिला कशाचाच राग येत नाही, ही एक तिची वाईट खोड. भांडायला मजाच येत नाही.

दिसायला अगदी काटकुळी. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधत फिरणार. खुर्चीवर बसली की पाय खाली सोडून बसणं माहीत नाही, दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालणार. चहा करून घेणार आणि त्यावर साय धरेपर्यंत विसरणार. लग्नाआधी ती पार्सलच्या गोदामात कामाला होती. आलेली पार्सलं रस्त्यांप्रमाणे वेगळी करायची, दिवसभर उभं राहून. तिथे एक जुना कॉम्प्युटर होता, त्यावर बसायला कोणी तयार नसायचं, म्हणून ही बसली. बसली ती उठलीच नाही. शिकली, परीक्षा दिल्या आणि नगर कार्यालयात चिकटली. आपण फोनवर त्यांचं पान उघडतो ना, पाणी आलं नाही म्हणून तक्रार करायला किंवा जन्माचा दाखला मागायला, त्या पानामागचं सगळं काम हिचं.

मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. माझं आल्टरचं दुकान. पँट आखूड करायची, ब्लाउज उसवायचा, चेन बदलायची. एकदा ती बाहीचं बटण लावून घ्यायला आली होती. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी सहज विचारलं, "तू दिवसभर तिथे करतेस तरी काय?"

तिने माझा बटणांचा डबा उचलला आणि कापायच्या टेबलावर पालथा केला. अख्खा डबा! माझ्या हातात लाकडी पट्टी होती, थोडक्यात वाचली.

"थांबा ताई, थांबा," ती म्हणाली. "समजा डबा म्हणजे आमचा साठा. मी त्याला म्हणते, बटणं दे. तो असा ढीग देतो. आता एकेक बटण उचलायचं आणि बघायचं, रंग कोणता? पांढरा. पांढऱ्याचा कप्पा आहे का? नाही, मग उघड. ठेव त्यात. पुढचं काळं. काळ्याचा आहे का? नाही, उघड. पुढचं परत पांढरं, त्याचा कप्पा आहेच, त्यात टाक." बोलता बोलता तिची बोटं चालली होती. बघता बघता टेबलावर रंगांच्या ढिगल्या झाल्या. मग तिने त्या सगळ्या हाताने एकत्र केल्या. इतकं नीट लावलेलं मोडलं म्हणून मी हळहळले. "आता रंग विचारायचाच नाही. भोकं किती, ते विचारायचं." पुन्हा तेच, आणि पुन्हा ढिगल्या, पण निराळ्याच. आता पांढऱ्याशेजारी काळं, काळ्याशेजारी शिंपल्याचं, सगळी चार भोकांची, एका घरची असल्यासारखी.

"बटणं तीच ना?" तिने विचारलं.

बटणं तीच होती. एक वाढलं नव्हतं की कमी झालं नव्हतं. इतकी वर्षं मी त्या डब्यात बोटं खुपसून खळखळ करत एका बटणाला जोडीदार शोधत आले, आणि ही पोरगी नुसता प्रश्न बदलते आणि सगळा डबा आपापल्या माणसांत जाऊन बसतो! मी तोंडात बोट घातलं. तिला मात्र म्हटलं, "पुरे झालं, भर आता परत डब्यात." कौतुक लगेच तोंडावर करायची माझी पद्धत नाही.

हे सगळं आधी सांगितलं ते अशासाठी, की पुढे जे झालं ते या बटणांशिवाय मलाच समजलं नसतं.

त्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. पावसाचा थेंब नाही. दुपारी, माणसं जिकडे तिकडे कामाला गेलेली असताना, शहराच्या वरच्या तलावाचा बांध फुटला. पाणी उन्हात चमकत रस्त्याने आलं, आणि आधी कोणाला ते खरंच वाटेना. मी दुकानात होते. माझे हे बसच्या डेपोत, ते तिथे मेकॅनिक आहेत. दीर कामासाठी दुसऱ्या गावी गेलेले, म्हणजे सुखरूप. शाळेला सुट्टी होती, म्हणून माझी लेक घरी आजीजवळ होती. आणि आमचं घर खालच्या गल्लीत, सगळ्यात सखल भागात.

अग्निशमनच्या ट्रकने बाजारातल्या आम्हां सगळ्यांना उचललं आणि नगर कार्यालयाच्या मोठ्या दालनात आणून सोडलं. मी घरी जायचं म्हणून ट्रकमधून उडी मारायला निघाले होते. आमच्याच गल्लीतल्या घड्याळवाल्या काकांनी माझा दंड धरून ठेवला. काका आमच्यापासून चार दारं पलीकडे राहतात, घड्याळं दुरुस्त करतात, बोलतात फार कमी. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. त्यांनी दंड सोडला नाही.

दालनाच्या दारात एक मुलगी फोन घेऊन उभी होती. नाव काय, घर क्रमांक काय, आणि आत्ता कुठे आहात, एवढं टिपून घ्यायची. अशाच मुली शाळेच्या दारात, डेपोत, नाट्यगृहात, गोदामात उभ्या होत्या, कारण ज्याला जिथून उचललं त्याला जवळच्या ठिकाणी नेऊन ठेवलं होतं. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे. फोन लागत नव्हते. सगळ्या नोंदी मात्र नगर कार्यालयाच्या साठ्यात येऊन पडत होत्या, आणि दालनाच्या भिंतीवर त्याचं पान मोठं करून लावलं होतं.

पण ते पान म्हणजे माझ्या बटणांचा डबा. ज्या क्रमाने नोंद येईल त्या क्रमाने नाव. नावांमागून नावं, सगळ्या शहराची सरमिसळ. माणसं माना वर करून उभी होती, ओठ हलत होते. एखादं ओळखीचं नाव दिसतंय म्हणेपर्यंत ते वर सरकून नाहीसं व्हायचं.

तेवढ्यात कप्पेवाली जिन्यावरून खाली आली. चष्मा डोळ्यांवर होता, म्हणजे काम गंभीर. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. "ताई, हे असं कोणाला सापडणार नाही. मी घराप्रमाणे लावते. घर क्रमांकाचा मथळा आणि त्याखाली त्या घरातली माणसं, कुठे का असेनात. थोडा वेळ द्या मला." तिचे साहेब मागून ओरडत होते, लवकर करा, लवकर करा. ती पुन्हा वर पळाली.

मी वाट बघत उभी राहिले. घर क्रमांक, त्याखाली माणसं. मला सगळं समजत होतं. एकेक नोंद उचलायची, घर कोणतं विचारायचं, कप्पा नसेल तर उघडायचा, त्यात ठेवायची. माझ्या मनात माझी लेक चार भोकांच्या ढिगलीत येऊन बसत होती.

पान बदललं. ठळक अक्षरांत घर क्रमांक, एकाखाली एक, आमचीच गल्ली आधी. मी आमचं घर शोधलं. दाराच्या निळ्या पाटीवर आहे तोच क्रमांक भिंतीवर होता. त्याच्याखाली एकच नाव होतं, आणि ते माझं होतं.

मला वाटलं अजून येतील, हळूहळू येतील. कोणी आलं नाही. माझ्या नावाखाली लगेच पुढच्या घराचा मथळा. शेजारच्या घरातल्या बाईने मोठ्याने किंकाळी फोडली, कारण तिच्या घराखाली फक्त तिच्या दिराचं नाव होतं. मग सगळीकडून आवाज सुरू झाले. तसले आवाज मी कधी ऐकले नव्हते आणि परत ऐकायचे नाहीत. घड्याळवाल्या काकांच्या घराखालीही एकच नाव होतं, त्यांचं. ते भिंतीकडे बघत राहिले.

मी जिने कशी चढले मला माहीत नाही. वर ती खुर्चीवर मांडी घालून बसली होती, बोटं चालूच. मी तिची खुर्ची धरून गदागदा हलवली. "बंद कर! आग लाव तुझ्या त्या पानाला! माझ्या घराखाली मी एकटी आहे, कळतंय का तुला? मी एकटी! पोर नाही, आई नाहीत, कोणी नाही!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. लेक तिचीही तितकीच होती. रात्रीची गोष्ट काकूच सांगायची. तिने आमचं घर काढलं. माझं नाव बघितलं. ओठांतल्या ओठांत म्हणाली, "एकट्याच." आणि मग एकदम मान वर केली.

"ताई, एकट्या कशा? मी कुठंय?"

"तू काय, तू इथेच आहेस! तुझं काय मेलं!"

"नाही, नाही, ऐका. नोंदी सुरू झाल्या तेव्हा सगळ्यात आधी मी माझंच नाव घालून बघितलं होतं. याच घराच्या क्रमांकावर. चालतंय का बघायला. मग मी यात का नाही? मी तर जिवंत आहे ना? मी इथे बसलेय ना?" तिने पान खाली सरकवायला सुरुवात केली. एक घर, एक नाव. पुढचं घर, एक नाव. त्या पुढचं, एक. ती सरकवत गेली आणि तिचा श्वास मोठा होत गेला. "प्रत्येक घरात एकच. बरोबर एकच. कुठे दोन नाहीत, कुठे शून्य नाही. ताई, पाणी असं मोजून एकेकाला ठेवून जात नाही. हे पाण्याचं काम नाही. हे माझं काम आहे."

आणि ती खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि ओरडली, "चूक झालीय! साहेब, माझी चूक झालीय! माझी चूक आहे!"

आयुष्यात मी पुष्कळ माणसं चुका करताना बघितली. लपवताना बघितली, दुसऱ्याच्या माथी मारताना बघितली. स्वतःची चूक सापडली म्हणून आनंदाने रडणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. ती हसत होती, तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि ती सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी सांगत सुटली होती की मी चुकले.

मग बसली. पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. मला म्हणाली, "हे बघा. कप्पा उघडला, त्यात माणूस ठेवला. दुसरा आला तेव्हा मी म्हणायला हवं होतं, हाही ठेव. मी म्हणून बसले, हा ठेव. म्हणून आधीचा बाहेर. प्रत्येक घरात शेवटी ज्याची नोंद झाली तोच राहिला." तिने त्या ओळीत एक चौकोनी कंस उघडला आणि लगेच बंद केला. आत काहीच लिहिलं नाही, म्हणजे येईल त्याला नवी जागा. रिकामी चौकट, माझ्या बटणाच्या भोकाएवढी. एवढंच. हाही आणि हा यांच्यामध्ये एवढंच अंतर होतं, आणि त्या अंतरात आमची सगळी गल्ली पडली होती.

तिने पान पुन्हा उघडलं. मी डोळे मिटून घेतले. "बघा ना," ती म्हणाली. मी बघेना, तर तिने वाचून दाखवलं. आमच्या घराखाली पहिलं तिचं नाव, ठिकाण नगर कार्यालय. मग माझ्या ह्यांचं, डेपो. मग सासूबाई, नाट्यगृह. मग माझी लेक, नाट्यगृह. आणि सगळ्यांत शेवटी मी.

माझा जीव भांड्यात पडला असं म्हणू का? माझा जीव तिच्या त्या रिकाम्या कंसात पडला. मी तिथेच फरशीवर बसकण मारली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हंबरडा फोडला. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि दुसऱ्या हाताने टाइप करत होती. काम सोडलं नाही पोरीने.

खाली आलो तेव्हा दालनात जे दिसलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. भिंतीवर घरं भरत होती. ज्या मथळ्याखाली एक नाव होतं तिथे आता तीन, पाच, सात. नवी नोंद आली की ती आपोआप आपल्या घरात जाऊन बसायची. आमची गल्ली तेव्हा छपरापर्यंत पाण्यात होती. दारं दिसत नव्हती, पाट्या दिसत नव्हत्या. आणि इथे ती भिंतीवर क्रमाने उभी होती, आपापल्या माणसांसकट, हे दार, ते दार, कोपऱ्यावरचं दार. माणसं आपापल्या घरासमोर जाऊन उभी राहावीत तशी त्या भिंतीसमोर जाऊन उभी राहत होती आणि नावांवर हात फिरवत होती. एका आजोबांनी पाया पडावं तसं वाकून नमस्कार केला. शेजारी साहेबसुद्धा आ वासून उभे होते, ओरडायचं विसरून.

सगळं गोड झालं असं नाही. काही घरं पूर्ण भरली नाहीत. दोन दिवस ती अर्धीच राहिली, आणि एक तर कायमचं अर्धं राहिलं. त्या घरातल्या माणसांना कप्पेवाली आजही भेटायला जाते.

संध्याकाळी आम्ही नाट्यगृहात पोचलो. माझी लेक रंगमंचावर राजाचा जरीचा अंगरखा घालून झोपली होती, कारण तिचे कपडे ओले होते आणि तिथे नाटकाच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. सासूबाई राणीची शाल पांघरून सिंहासनावर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "किती उशीर!" मी आधी हसले, मग रडले, मग पोरीला उचललं. ती गाढ झोपेत होती.

आता घड्याळवाल्या काकांचं. पान दुरुस्त झाल्यावरही त्यांच्या घराखाली एकच नाव राहिलं होतं. त्यात चूक नव्हती. ते एकटेच राहतात, बायको जाऊन खूप वर्षं झाली, मूल नाही. दालनातून निघताना ते मला म्हणाले, "मगाशी सगळी गल्ली माझ्यासारखी झाली होती ना, तेव्हा मला फार भीती वाटली. म्हटलं, हे एवढ्या सगळ्यांना कसं जमायचं?" एवढंच बोलले. मी त्यांना ट्रकमध्ये काय काय बोलले होते, त्याचा त्यांनी उल्लेखसुद्धा केला नाही.

त्यांची खोली पाण्यात पडली ती पडलीच. पाणी ओसरल्यावर मी त्यांना म्हटलं, माझ्या दुकानामागची खोली रिकामी आहे, घड्याळं तिथे मांडा आणि जेवायला आमच्यात या. ते नाही नाही म्हणत राहिले. मी म्हटलं, "तुम्ही माझा दंड सोडला नव्हता, मी तुमचा सोडणार नाही." आले मुकाट.

गेल्या आठवड्यात गल्लीची नव्याने नोंद झाली. कप्पेवालीने घरीच लॅपटॉप उघडला, खुर्चीवर मांडी, शेजारी साय धरलेला चहा. काका दारात उभे होते. तिने त्यांचं नाव लिहिलं आणि घर क्रमांकाच्या जागी थांबली. "काय लिहू, काका?"

मी आतून ओरडले, "विचारतेस काय? आमचा लिही!"

तिने लिहिला आणि पान उघडलं. आमच्या घराखाली सासूबाई, हे, दीर, मी, ती, माझी लेक, आणि सगळ्यांत शेवटी घड्याळवाले काका. काका चष्मा पुसून बघत राहिले.

मी म्हटलं, "कप्पेवाली, ती तुझी जुनी चूक आज झाली असती, तर आमच्या घरात एकटे काकाच उरले असते गं!"

"मग चूक नको," काका म्हणाले. "मला आता सगळे लागतात."

तिने पान मिटलं, उठून स्वयंपाकघरात गेली आणि सगळ्यांच्या फळीवर काकांच्या चहापत्तीचा डबा ठेवला. मी तो हलवलेला नाही.